शोभेची सायकल

लिंडसे पॅस्कोला सायकल चालवता येत नाही, ही गोष्ट साऱ्या जगात दोघांनाच ठाऊक होती. एक खुद्द लिंडसे, आणि दुसरा एक मॅगपाय पक्षी. लिंडसे आठव्या वर्षी सायकल शिकत असताना सप्टेंबरातल्या एका सकाळी, म्हणजे ऐन पिल्लांच्या दिवसांत, त्या पक्ष्याने निलगिरीच्या झाडावरून झेप घेऊन त्याच्या कानाला चोच मारली होती आणि लिंडसे सायकलसकट गटारात गेला होता. त्यानंतर त्याने सायकलीला हात लावला नाही. तो पक्षी एव्हाना मेला असणार. साक्षीदारच उरला नाही म्हटल्यावर असली लबाडी माणसाने जन्मभर सांभाळायला काहीच हरकत नव्हती.

पण लबाडी "मला सायकल येते" एवढ्यावर थांबली नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी कूलूना गावच्या हॉलमध्ये, नाचाच्या कार्यक्रमात, ग्लेनिस नावाच्या मुलीने त्याला विचारलं होतं, "तू आजवर कधी काही धाडस केलंयस का रे?" लिंडसेच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं धाडस म्हणजे त्या क्षणी तिच्यासमोर उभं राहणं, हेच होतं. पण ते सांगून काय उपयोग? त्याने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाला, "ॲडलेडहून मेलबर्नला सायकलने गेलोय. एकटा."

त्या वेळी मेंढ्यांची लोकर कापणारा एक दणकट गडी कोपऱ्यात ग्लेनिससाठी खुर्ची धरून बसला होता. ग्लेनिस त्या खुर्चीकडे परत गेलीच नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं.

तेव्हापासून ग्लेनिस ती गोष्ट सांगत आली. चर्चमध्ये, शाळेत, दातांच्या दवाखान्यात. लिंडसेने एकच वाक्य टाकलं होतं, पण चांगल्या जमिनीत पडलेलं बी ते, फोफावलं. पाचव्या वर्षी त्यात दोन पंक्चर आले, दहाव्या वर्षी पूर आला आणि विसाव्या वर्षी लिंडसेने त्या पुरातून एक मेंढी बाहेर काढली. "मग आता का नाही चालवत?" असं कोणी विचारलं की लिंडसे दूर कुठेतरी बघत म्हणायचा, "त्या सायकलीनंतर दुसरी मनात भरली नाही." लोक मान हलवत. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. लिंडसेचं उलटं होतं. तो थोडंच बोलायचा, रेटायचं काम लोक करत.

बाकी माणूस सरळ. नगर कौन्सिलात धोका-निवारण खात्यात नोकरीला होता. खातं म्हणजे तो एकटाच. गावातल्या सगळ्या पाट्या त्याच्या होत्या. पाणी खोल आहे. पायरी निसरडी आहे. फांदी पडू शकते. लोकांना वाटायचं, हा आपलं काम चोख करतो. खरं म्हणजे तो फक्त आपल्या मनातलं लिहून काढत होता. फरक एवढाच की त्याचा त्याला पगार मिळायचा.

त्या फेब्रुवारीत ग्लेनिस निवृत्त झाली. तेवीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, त्याच त्या रस्त्यावर, त्याच त्या अठरा थांब्यांवर. निवृत्तीच्या चौथ्या दिवशी जेवताना तिने ताटातल्या चॉप्सशेजारी नकाशा उलगडला आणि म्हणाली, "सप्टेंबरात आपण दोघांनी उत्तरेला ब्लिनमन गावाला जायचं. सायकलने."

लिंडसेच्या घशात बटाटा अडकला.

"साडेचारशे किलोमीटर," ग्लेनिस म्हणाली. "कच्ची वाट आहे. मधे मधे दोन दोन दिवस माणूस दिसत नाही म्हणे. मला तेच हवंय. तेवीस वर्षं माझ्या मागे चाळीस पोरं ओरडत होती."

"साप असतात गं त्या बाजूला."

"तुला काय त्याचं? मेलबर्नला एकटा गेलेला माणूस तू." मग तिने काटा खाली ठेवला आणि एरवी बोलत नसे अशा आवाजात म्हणाली, "लिंडसे, तू जे केलंस ना, ते मला एकदा तुझ्याबरोबर करून बघायचंय. एवढीच एक गोष्ट मागतेय. तुला नसेल यायचं तर तसं सांग, मी एकटी जाईन. पण मी जाणार."

आता इथे खरं सांगून टाकायला हवं होतं, हे वाचकाला कळतं, लिंडसेलाही कळत होतं. पण ही बाई माझ्याशी लग्न करून बसली ती मेलबर्नला गेलेल्या माणसाशी, असं त्याला नेहमी वाटायचं. तो माणूस काढून घेतला तर ताटापलीकडून तिला काय दिसणार? सत्तावन्न वर्षांचा, पाट्या रंगवणारा, घाबरट. त्याने पाणी प्यायलं आणि म्हणाला, "येतो की. पण तयार सायकल मला चालत नाही. माझे पाय लांब आणि धड आखूड. मापाने बनवून घ्यावी लागेल."

हा डाव त्याला तिथल्या तिथे सुचला आणि सुचल्यावर फारच आवडला. घराचं छप्पर नुकतंच बदललं होतं, त्यामुळे सायकलीसाठी चारशे डॉलरच्या वर एक सेंटही निघणार नव्हता. चारशे डॉलरमध्ये मापाची, लांब पल्ल्याची सायकल म्हणजे एकेक सुटा भाग शोधत बसणं आलं. तीन वर्षं कुठे गेली नाहीत. तीन वर्षांत गुडघे दुखू लागतात, नकाशे हरवतात, माणसाचा विचार बदलतो. त्या रात्री लिंडसेला छान झोप लागली. पुढे सहा महिने तशी लागायची नव्हती.

लहान गावात मदत मागावी लागत नाही, चुकवावी लागते. हे लिंडसे विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या थेल्मा झ्वारबाई कुंपणावरून वाकल्या. त्यांचे कैलासवासी यजमान एकदा टेकडीपर्यंत सायकलने गेले होते, तेवढ्या अधिकारावर त्या म्हणाल्या, "बूड जपायचं, लिंडसे. लोण्यासारखं मलम येतं, ते चड्डीला आतून चोपडायचं. ग्लेनिसने बाजारात सांगितलं सगळं. आणि चाळीस दिवस मोहरी खायची नाही." मोहरीचं काय ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी क्लेम नॉस्के दारात. चाळीस वर्षं त्याने शेतांची लोखंडी फाटकं जोडली होती. निवृत्त झाल्यापासून तो मेन्स शेडमध्ये बसायचा. गावातल्या रिकाम्या पुरुषांनी बायकांच्या पायात घुटमळण्यापेक्षा लाकूड-लोखंड ठोकत बसावं म्हणून बांधलेली ती शेड होती. क्लेमच्या एका हातात जुन्या शर्यतीच्या सायकलीचा पुढचा भाग होता आणि दुसऱ्या हातात पोस्टमनच्या लाल सायकलीचा मागचा.

"कचरा डेपोवरच्या दुकानात मिळालं," क्लेम म्हणाला. "मधलं मी जोडतो. फाटकाचा पाइप आहे."

"अरे, कशाला त्रास. घाई नाही मला."

"त्रास कसला गड्या? शेडमध्ये गेले चार महिने आम्ही नुसती पक्ष्यांची घरटी बनवतोय. त्यात एक पक्षी राहायला येत नाही. मेलबर्नला गेलेल्या माणसाची सायकल जोडायची म्हणजे..." क्लेमला पुढे बोलवेना. असा हळवा माणूस असेल तर त्याला नाही कसं म्हणायचं?

क्लेमने लिंडसेला शेडमधल्या बाकावर उताणा झोपवला आणि खडूने माप घेतलं. आजवर क्लेमने आडव्या माणसाचं माप एकदाच घेतलं होतं, आपल्या बापाच्या शवपेटीसाठी, आणि हे त्याने माप घेता घेता सांगितलं. लिंडसे छताकडे बघत पडून राहिला.

पुढचे तीन महिने लिंडसेने जे जे अशक्य म्हणून सांगितलं ते ते शेडने शक्य करून दाखवलं. कॅरिअर महाग आहे म्हणावं, तर कोणाच्या तरी जुन्या ओव्हनची जाळी दोन दिवसांत कॅरिअर होऊन बसायची. सामानाच्या पिशव्या परवडत नाहीत म्हटलं, तर स्विमिंग पूलमध्ये टाकायच्या क्लोरिनच्या रिकाम्या बादल्या दोन्ही बाजूंना अडकल्या, झाकणासकट, आणि पावसात एक थेंब आत जायचा नाही याची हमी मिळाली. मडगार्ड राहिले होते. निवडणुकीत उमेदवारांचे फोटो छापून खांबांना बांधतात ते पन्हळी प्लास्टिकचे फलक क्लेमच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून होते. त्यातला एक कापून मागचा मडगार्ड झाला. त्यामुळे डिपॉझिट घालवून बसलेला एक उमेदवार लिंडसेच्या मागून येणाऱ्या जगाकडे बघून आता कायमचा हसणार होता.

सायकल तयार झाली म्हणजे कशी, तर उचलायला दोन माणसं लागत. क्लेमचं फाटक बैलाने धडक मारली तरी हलत नाही, आणि त्याची सायकलही त्याच घराण्यातली होती. शेडमधले सगळे तिच्याभोवती हात मागे बांधून फिरायचे. लिंडसेही फिरायचा. रोज तिला एक नवा अवयव फुटलेला दिसला की तो मनातल्या मनात सप्टेंबरापर्यंतचे आठवडे मोजायचा.

शेवटी तो आपल्या खात्याला शरण गेला. शेडच्या विम्याची कागदपत्रं कौन्सिलात त्याच्याच कपाटात होती. एका दुपारी त्याने ती शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि चौदाव्या कलमावर त्याचं बोट थांबलं. माणूस वाहून नेणारी कोणतीही वस्तू शेडमध्ये बनवू नये. लिंडसेने ते कलम तीन वेळा वाचलं. मग तोंड शक्य तितकं पाडून तो शेडच्या बैठकीत गेला.

शेडचा अध्यक्ष रेक्स पोल्किंगहॉर्न. बँकेत मॅनेजर होता. आपल्या सख्ख्या भावाचं कर्ज त्याने एका राहून गेलेल्या सहीसाठी परत पाठवलं होतं. नियमावर याच्यासारखा अडून बसणारा माणूस जिल्ह्यात नव्हता, आणि लिंडसेची सगळी भिस्त त्याच्यावरच होती. रेक्सने कलम वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वाईट झालं," लिंडसे म्हणाला. "पण नियम म्हणजे नियम. मी समजू शकतो. सुटी करून टाका सायकल."

क्लेमने टोपी काढून हातात घेतली होती. रेक्सने सायकलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "ही सायकल आहे असं कोण म्हणतं?"

"म्हणजे?"

"लोक जुन्या सायकली अंगणात ठेवून त्यात फुलझाडं लावतात की नाही? माझ्या बहिणीच्या अंगणात आहे. तर ही आहे बागेत ठेवायची शोभेची वस्तू. सायकलीच्या आकाराची. शोभेच्या वस्तूंना कलम चौदा लागत नाही." त्याने फॉर्म ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रेक्स पोल्किंगहॉर्न एका माणसासाठी नियमाला वळसा घालत होता. त्याचे कान लाल झाले होते. क्लेमने लिंडसेच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "तुझ्यासाठी हं लेका. दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं त्याने." लिंडसेच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, कृतज्ञतेचं आहे.

एक अट मात्र होती. शेडमधली प्रत्येक शोभेची वस्तू गावाच्या सप्टेंबरातल्या शोमध्ये, म्हणजे शेती-जनावरांच्या प्रदर्शनात, मांडावीच लागे, कौन्सिलचं अनुदान त्यावर होतं. तो नियमही लिंडसेनेच सात वर्षांपूर्वी लिहिला होता. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे. शो शनिवारी, आणि ग्लेनिसने निघायचं ठरवलं होतं त्याच्यानंतरच्या सोमवारी. म्हणजे सायकल रेंगाळण्याची सोयही गेली.

आता शिकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ग्लेनिस गायनमंडळाच्या तालमीला गेली की लिंडसे तिची जुनी सायकल हाताने ढकलत स्मशानभूमीत न्यायचा. गावात सपाट, डांबरी आणि निर्मनुष्य अशी तेवढी एकच जागा होती. तिथले लोक बोलणारे नव्हते. तिथे तो सीटवर बसायचा, हँडल घट्ट पकडायचा आणि परत उतरायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याने पायडलवर पाय ठेवून जोर दिला. सायकल चार हात गेली आणि हेन्रिएटा झ्वार, जन्म अठराशे नव्व्याण्णव, यांच्या कबरीवर लिंडसे गुडघ्यांवर पडला. तो उठण्याआधीच समोर थेल्माबाई फुलं घेऊन उभ्या होत्या. हेन्रिएटा म्हणजे त्यांच्या आजेसासूबाई.

"लिंडसे," थेल्माबाई हळूच म्हणाल्या, "तू आमच्या म्हाताऱ्यांसाठी प्रार्थना करतोस?"

लिंडसे गुडघ्यांवरच होता, हात जोडण्याइतके जवळ होते. त्याने ते जोडले. दुसऱ्या दिवसापासून थेल्माबाई रोज त्याच वेळेला स्मशानात येऊ लागल्या, त्याला सोबत म्हणून. सायकल शिकणं बंद पडलं आणि पुढचे तीन आठवडे तो हेन्रिएटाबाईंच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत होता. स्वतःसाठीही दोन शब्द घालायचा.

घरी ग्लेनिस मात्र खुलत चालली होती. तिने तंबू आणला, पाण्याच्या पिशव्या आणल्या, लिंडसेच्या हेल्मेटला पक्षी जवळ येऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधल्या. ते घातलं की तो साळिंदर दिसायचा. "तू पुढे राहायचं," ती म्हणायची, "मी तुझ्या मागे. म्हणजे मला भीती नाही." अशा वेळी लिंडसे उठून विनाकारण फ्रीज उघडून बघायचा.

शोचा दिवस उजाडला. शोभेची वस्तू दिसायला शोभेची हवी म्हणून शेडवाल्यांनी दोन्ही बादल्यांत माती भरून त्यात जांभळ्या-पिवळ्या पॅन्सीची रोपं लावली होती. रेक्सने आदल्या दिवशी सुरक्षेची हिरवी चिठ्ठीही हँडलला लावली. ती विजेवर चालणाऱ्या वस्तूंना लावतात, पण रेक्सचं म्हणणं, एकदा नियम वाकवला आहे, आता बाकीचे तरी पाळू. टाकाऊतून बागेची शोभा या गटात एकूण तीन वस्तू होत्या: एक टायरचा हंस, एक कमोडमधलं निवडुंग आणि लिंडसेची सायकल. शेजारच्या गावच्या परीक्षकबाईंनी मडगार्डवरच्या उमेदवाराला ओळखलं, खो खो हसल्या आणि निळी रिबन सायकलीला बांधून गेल्या.

पहिलं बक्षीस मिळालेल्याने दुपारच्या मिरवणुकीत आपली वस्तू घेऊन मैदानाला फेरी मारायची, ही कूलूनाच्या शोची जुनी रीत. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं गेलं, "लिंडसे पॅस्को, ॲडलेड ते मेलबर्न." कठड्याभोवती सारं गाव उभं होतं. पहिल्या रांगेत ग्लेनिस, तिच्या एका बाजूला तिचं अख्खं गायनमंडळ, दुसऱ्या बाजूला थेल्माबाई.

"चढ गड्या," क्लेमने सायकल धरली. "दाखव त्यांना."

लिंडसेने समोर पाहिलं. त्याला मैदान दिसत होतं, मैदानाचा उतार दिसत होता, आणि उताराच्या शेवटी केक आणि लोणच्यांचा तंबू दिसत होता. त्याने एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. त्याच्या पुढे मिरवणुकीत शोचा पहिल्या नंबरचा बैल होता, आणि बैलाचा मालक त्याला दोराने धरून शांतपणे चालवत होता.

"चढणार का त्यावर?" बैलवाल्याने मागे वळून विचारलं.

"तू चढतोस का बैलावर?" लिंडसे म्हणाला.

आणि त्याने हँडल धरलं आणि बैलामागून सायकल चालवत नेली, म्हणजे हाताने, पायी. पावलापावलाला फुलं डुलत होती, निळी रिबन उडत होती, मागचा उमेदवार हसत होता. गावाने आधी श्वास रोखला, मग टाळ्यांचा कडकडाट केला. असा रुबाब गावाने पाहिला नव्हता. फेरी संपली तसा रेक्स धावत आला आणि त्याने लिंडसेचा हात दोन्ही हातांत धरला.

"तू आम्हाला वाचवलंस," रेक्स म्हणाला. "विम्याचा माणूस प्रेक्षकांत होता. मला आत्ता कळलं. तू तिच्यावर बसला असतास तर शेडला कुलूप लागलं असतं. तुझ्या ते लक्षात आलं. मी अध्यक्ष, मला नाही आलं." मग तो ओशाळून म्हणाला, "फक्त एक आहे रे. आता बक्षीस मिळालं, नोंद झाली. शोभेची वस्तू ती शोभेचीच. तिच्यावर आता कधीच बसता येणार नाही. माफ कर मला."

लिंडसे सुटला होता. त्याला खोटंही बोलावं लागलं नव्हतं. गाव त्याला शहाणा म्हणत होतं, शेड त्याचे उपकार मानत होती, मेलबर्न शाबूत होतं, आणि सायकल कायद्याने बंद झाली होती. घोडं गंगेत न्हालं.

ग्लेनिस कठड्यापाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती रागावली नाही, तिने नुसती पर्समधून नकाशाची घडी काढली, ती आणखी एकदा दुमडली आणि परत ठेवली.

"हरकत नाही," ती म्हणाली. "तुझा काय दोष. मी सोमवारी निघते. रोज संध्याकाळी फोन करीन, रेंज असली तर."

"एकटी?"

"बसमध्येही एकटीच होते की पुढच्या सीटवर."

ती हसली, पण तिच्या तोंडावरची ती सहा महिन्यांची टवटवी गेली होती आणि ती पुन्हा अठरा थांब्यांवरची बाई दिसत होती. लिंडसेला ती कच्ची वाट दिसली, दोन दोन दिवस माणूस नसलेली, आणि तिच्यावर ही एकटी, पुढे कोणी नाही आणि मागेही कोणी नाही. आयुष्यभर तो ज्या ज्या गोष्टींना भ्यायला होता त्या सगळ्या एकत्र केल्या तरी एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

तो म्हणाला, "ग्लेनिस, मला सायकल येत नाही."

"हो रे, ही आता चालवता येणार नाही, ऐकलं मी."

"तसं नाही. मला सायकल चालवताच येत नाही. कुठलीच. कधीच येत नव्हती."

मागे लाउडस्पीकरवर कोणाच्या तरी हरवलेल्या कुत्र्याबद्दल सांगत होते.

"आणि मेलबर्न?"

"बसने गेलो होतो. मावशीकडे. वाटेत दोनदा उलटी झाली."

"मी एकतीस वर्षं ती गोष्ट सांगतेय. पुरासकट."

"पूर तूच घातलास गं. मेंढीही."

ती हसली नाही. ती पाठ फिरवून मेंढ्यांच्या गोठ्यामागे निघून गेली. लिंडसे सायकल ढकलत तिच्या मागे गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. गोठ्यामागे मोकळं गवत होतं, कोणी नव्हतं. ग्लेनिस कुंपणाच्या खांबाला टेकून उभी होती आणि रडून झालेली दिसत होती. तिला रडताना त्याने यापूर्वी फार तर दोनदा पाहिलं असेल.

"मी त्या लोकरवाल्याला नाही म्हटलं, ते त्या मेलबर्नमुळे," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर बोललो नाही. वाटलं, खरं कळलं तर तू माझ्याकडे बघशील आणि म्हणशील, हा कोण."

"मी तेच बघतेय." तिने नाक पुसलं. "आज का सांगितलंस? सुटला होतास ना? रेक्सने सोडवलं होतं तुला."

"भीती वाटली."

"कसली?"

"सगळ्याची. उताराची, ट्रकची, सापांची. पण तू त्या वाटेने एकटी जाशील, याची सगळ्यांत जास्त."

ग्लेनिस सायकलीपाशी आली, तिने निळी रिबन सोडली, घडी करून खिशात घातली आणि दोन्ही बादल्यांकडे बोट दाखवलं. "फुलं काढ यातली."

"का?"

"तोल जातो. आणि रेक्सला मी सांगते काय ते. सोमवारचं रद्द. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत फार तापत नाही. म्हणजे तुला सहा आठवडे आहेत." लिंडसेने गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उपसली. ग्लेनिस उभी राहून बघत होती. "मी अजून रागावलेली आहे," ती म्हणाली. "हे लक्षात ठेव. माझा राग वाटेत कुठेतरी जाईल, त्याच्या आधी नाही."

मग तिने मागून सीट धरली. लिंडसे चढला. हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली, आणि त्याने डोळे मिटून घेतले. वारा लागत होता. गवत सरकल्यासारखं वाटत होतं. पण पडत नव्हता तो, खरंच पडत नव्हता.

"सोडू नकोस," तो म्हणाला. "ग्लेनिस, सोडलंस का तू?"

"नाही सोडलं."

"खरं सांग. मी चाललोय ना?"

"लिंडसे, डोळे उघड. तुझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत."

त्याने डोळे उघडले. होते. त्याने उजवा पाय उचलला आणि पायडलवर ठेवला. सायकल जराशी कलली आणि ग्लेनिसच्या हातात थांबली. लिंडसे तसाच बसून राहिला.

"आता दुसरा," ग्लेनिस म्हणाली.